अकरा कार्डांचं भाषांतर

माझ्या घरात गुरुमूर्तीचं नाव काढायचं नाही, हे आमच्या गल्लीत अवघ्यांना ठाऊक आहे. परवा ओरत्तनाडूहून एक बाई आल्या, त्यांना ते ठाऊक नव्हतं. ओट्यावर टेकल्या, काप्पी घेतली आणि म्हणाल्या, "तुमचे भाऊ आमच्या मुलाच्या शाळेत हेडमास्तर. काय सज्जन माणूस हो! कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." मी त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं. अर्धी काप्पी राहिली होती, राहू दे. आमचे हे आतून म्हणाले, "अगं, त्या बाईंचा काय दोष?" दोष नाही हो, पण माझं डोकं फिरतं त्याला मी काय करू? नऊ वर्षं झाली, अजून फिरतं.

गुरू माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी नुकती लग्न होऊन तंजावरात आलेली. वडील पापनाशमला, एकटे. पोर अर्धं वर्ष त्यांच्याकडे, अर्धं माझ्याकडे. शनिवारी त्याच्या डोक्याला तेल मी चोपडायची, गोवर आला तेव्हा कडुलिंबाचा पाला घेऊन उशाशी मी बसलेली. माझ्या पोटी मूल नाही. तेव्हा गुरू माझा कोण होता ते वेगळं सांगायला नको.

कॉलेजात गेला आणि शेतमजुरांच्या संघात शिरला, लाल बावट्याच्या. पापनाशमच्या आसपास तेव्हा राबणाऱ्या माणसाला झाडाला बांधून चाबकानं मारायचे, शेणाचं पाणी पाजायचे. गुरूनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. मजकडे आला की पानावर बसल्या बसल्या बोलायचा, हातातला घास हातातच. "अक्का, हा भात कुणी पिकवला, तुज ठाऊक आहे?" मी म्हणायची, "कुणी का पिकवेना, निवतोय, खा." पण खरं सांगते, तो बोलायचा ते मला पटायचं. आजही पटतं. माझं भांडण त्याच्या त्या मताशी कधीच नव्हतं.

आणि आमचे हे, सेतुमाधवराव? ह्यांना मतच नाही! कचेरीत जुन्या मराठी कागदांचं भाषांतर करायचे. अन्नछत्रांच्या सनदा, इनामाचे तंटे, सगळं मोडीत. ते वाचून तमिळमध्ये आणि इंग्रजीत उतरवायचं आणि खाली लिहायचं, 'हे खरे भाषांतर आहे', मग सही. चोवीस वर्षं ही एकच ओळ. एका शब्दाची शंका आली तर तीन दिवस जेवणावर लक्ष नसायचं. मतदानाला जायचे, पण मत कुणाला दिलं ते मलाही सांगायचे नाहीत. "सरकारी नोकराला मत नसतं," म्हणायचे. गुरू चिडवायचा, "भावजी, तुम्हाला झोपेत स्वप्न तरी पडतं का, की त्यालाही वरून मंजुरी लागते?" हे हसायचे. दोघांचं चांगलं जमायचं.

पंचावन्न साली गुरू सरकारी शाळेतल्या मास्तरकीसाठी निवडला गेला. नोकरी तात्पुरती, पोलिसांची चौकशी झाली, चालचलणूक बरी निघाली की मग हातात हुकूम. आम्ही चालचलणुकीची काय काळजी करणार? पोरगं विडीसुद्धा ओढत नव्हतं.

एका संध्याकाळी साध्या कपड्यातले एक पोलीस अधिकारी ह्यांना शोधत घरी आले. काप्पी दिली, त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. आत अकरा पोस्टकार्डांच्या नकला. पन्नास साली, पक्षावर बंदी होती तेव्हा, टपालात अडवून उतरवून घेतलेल्या. आता यातली गंमत ऐका. आम्ही तंजावरची माणसं घरात मराठी बोलतो, पण नागरी अक्षर आम्हाला कुठे येतं? एकमेकांना पत्र लिहायचं तर भाषा मराठी आणि अक्षरं तमिळ. माझी आई तसंच लिहायची, मीही तसंच लिहिते. पोलिसांना अक्षर न् अक्षर वाचता येत होतं आणि अर्थ मात्र एकाचाही लागत नव्हता. पाच वर्षं ते समजत होते की ही पक्षाची गुप्त लिपी आहे! कुणी अक्षरं उलटी लावून बघितली, कुणी मद्रासला पाठवली. शेवटी एका स्वयंपाक्यानं सांगितलं, "साहेब, ही तर रायर लोकांची घरातली भाषा." रायर म्हणजे आम्हीच, इथले मराठी. ते ऐकून मी आत तोंडाला पदर लावून हसत होते. लाज वाटते आता.

अधिकारी म्हणाले, "पोरगा मास्तरकीला निवडला गेलाय. याला घ्यायचा की नाही, ते तुमच्या भाषांतरावर. तुमच्यासारखा भरवशाचा माणूस दुसरा नाही." ह्यांनी पहिलं कार्ड वाचलं आणि तोंडावरचा रंग उडाला. कार्डं गुरूची होती. ओरत्तनाडूच्या तुकोजीला लिहिलेली. तुकोजी म्हणजे त्याच्या संघातला जोडीदार. गुरूचं आडनाव वेगळं, गाव वेगळं, हा ह्यांच्या बायकोचा भाऊ आहे हे त्या अधिकाऱ्याला ठाऊक नव्हतं. ह्यांनी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी तीन दिवसांची मुदत मागून घेतली.

अधिकारी गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन ह्यांनी मला सगळी कार्डं वाचून दाखवली. शनिवारी कालव्याच्या पलीकडे सभा आहे, वीस माणसं आण. जमीन कसणाऱ्याची, हे आपण मरेपर्यंत म्हणत राहू. मन्नारगुडीचा एक जण पोलिसांना हवा आहे, त्याला चार दिवस तुमच्या भाताच्या कोठारात ठेव. एकेक शब्द गुरूचा, मला त्याचा आवाज ऐकू येत होता.

"आहे तसं लिहावं लागेल," हे म्हणाले.

"लिहा! आणि त्याच्या गळ्याला फास तुमच्याच हातानं लावा!"

"अगं, मी खोटं भाषांतर कधी केलं नाही."

"मग आता करा. त्यानं चोरी केली? खून केला? त्या पक्षाची माणसं आज निवडून येतात, विधानसभेत बसतात, आणि माझ्या भावानं पोरांना बेरीज-वजाबाकीसुद्धा शिकवायची नाही?"

"नियम आहे तसा. संशय आला तरी पुरे."

"तर संशय येऊच देऊ नका!"

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पान वाढायची आणि उठून जायची. तिसऱ्या दिवशी हे दौत-टाक घेऊन बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग, काय लिहू?" आणि मी सांगितलं. हो, मी! सभेच्या जागी तेलाचं स्नान घातलं. वीस माणसं तुकोजीच्या बहिणीच्या लग्नाला जेवायला आणली. कोठारात लपवलेल्या माणसाची मी नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांची पेटी केली, उंदीर लागतात म्हणून चार दिवस तिकडे ठेवलेली. सांगताना मला चेव चढला होता. ह्यांनी सगळं सुबक अक्षरात उतरवलं, आणि 'हे खरे भाषांतर आहे' लिहिताना टाक दोनदा खाली ठेवला.

गुरूला हुकूम आला, ओरत्तनाडूची शाळा. जायच्या आदल्या दिवशी तो पाया पडायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं गळ्यात पडेल. तो लालबुंद झाला. "तुज कुणी सांगितलं होतं, अक्का? मी लिहिलं ते खरं होतं. मी तोंडावर सांगितलं असतं त्यांना. भावजींना माझ्यासाठी खोटं लिहायला लावलंस?" ह्यांच्यासमोर तो मान खाली घालून उभा राहिला. मग मी केलेली गोड सोजी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी नोकरीवर रुजू झाला. मला त्या रागाचा अभिमान वाटला होता. गल्लीत दोघीतिघींना मी सांगितलंही, माझा भाऊ कुणाला भिणारा नाही म्हणून. अय्यो, काय ते माझं तोंड!

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. बायको कमलाक्षी, गरीब स्वभावाची मुलगी, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

सत्तावन्न सालच्या अखेरीला तुकोजी कसल्याशा मारामारीत सापडला. सुटका व्हावी म्हणून त्यानं पोलिसांना जुनं-नवं सगळं सांगितलं, त्यात कार्डांत काय होतं तेही. गुरूची कायम व्हायची वेळ नेमकी तीच. त्याला बोलावून घेतलं. दोन महिने गुरू आमच्याकडे फिरकला नाही, पत्र नाही. संक्रांतीचा पोंगलसुद्धा तसाच गेला. आणि मग कचेरीतून ह्यांना कागद आला. जाणूनबुजून खोटं भाषांतर. सरकारविरोधी चळवळीशी संबंध असल्याचा सबळ संशय. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

सोबत गुरूच्या निवेदनाची नक्कल जोडलेली. ह्यांनी वाचून दाखवली. विद्यार्थिदशेत मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या प्रभावाखाली होतो. कार्डांतली मतं मूळची त्यांची. स्वतःला लपवण्यासाठी त्यांनी भाषांतर बदललं. आता माझी अशी कोणतीही मतं नाहीत आणि त्यांच्याशी माझा संबंध नाही.

मी आधी हसले. खरंच हसले. आमच्या ह्यांचा प्रभाव! ज्या माणसानं बाजारात वांगी कुठली घ्यावीत हेही कधी ठामपणे सांगितलं नाही! मग ह्यांच्याकडे बघितलं आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. हे भिंतीला पाठ टेकून खाली बसले होते, आणि तो कागद नीट चार घड्या घालत होते.

चार दिवसांनी गुरूचं पत्र आलं. बंद पाकिटात, तमिळ अक्षरात, आपल्या भाषेत. 'अक्का, त्यांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक राजीनाम्याचा, दुसरा या निवेदनाचा. निवेदन त्यांनीच लिहून आणलं होतं. भावजींची चोवीस वर्षांची नोकरी, त्यांना नुसता ठपका देऊन सोडतील असं म्हणाले. कमलाक्षीला सातवा महिना आहे. भावजींच्या मनाला असली गोष्ट कधी शिवली नाही, मज ठाऊक आहे, देवाला ठाऊक आहे. हे वाचून फाडून टाक.'

हे म्हणाले, "फाडून टाक."

मी नाही फाडलं. ते पत्र हातात घेऊन मी दिवसभर बसले होते. पत्र दाखवलं तर ह्यांच्यावरचा चळवळीचा डाग जाईल, खोट्या भाषांतराची काय ती शिक्षा होऊन नोकरी राहील, पेन्शन राहील. आणि गुरू बुडेल. मी वाढवलेला गुरू, आणि पोटातलं ते सात महिन्यांचं. लोक म्हणतात बाईला माहेर सुटत नाही. मला त्या दिवशी सुटलं. खोटं लिहायला ह्यांना मी लावलं होतं, तेव्हा ह्यांना वर काढायचं कामही माझंच होतं.

चौकशीच्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर कचेरीत गेले. चौकशी अधिकारी बाहेरगावहून आलेले, पण तमिळ बोलणारे, स्वभावानं सौम्य. मी पत्र पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचलं. तमिळ अक्षरं, वाचता येणारच. पण आपले शब्द त्यांच्या तोंडून असे तुटून बाहेर पडत होते की ऐकवत नव्हतं. 'राजिनामा' हा शब्द आला तेव्हा ते अडखळले, कारण तमिळमध्येही राजीनाम्याला तेच म्हणतात. क्षणभर थांबले, आणि पुढे वाचत गेले.

"याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "मी सांगतो."

"तुम्ही? तुमच्यावर आरोपच खोट्या भाषांतराचा आहे."

"मग मी सांगते," मी म्हटलं.

"तुम्ही त्यांची पत्नी."

"आमच्या गल्लीत चला, दहा घरं आहेत. कुणाही शेंबड्या पोराला विचारा!"

"सरकारी नोकराचा दाखला लागेल, अम्मा. बाकी तुमचे सगळे नातलग."

आमच्या लोकांत सरकारी नोकर काय कमी? तारखा पडत गेल्या. एकानं आजारपणाची रजा टाकली. दुसरा, ज्याच्या मुंजीत मी पुरणपोळ्या लाटल्या होत्या, तो लिहून देता झाला की मला मराठी फक्त स्वयंपाकघरापुरती कळते. कसली भीती बसली होती एकेकाला! चौथ्या तारखेला अधिकारी म्हणाले, "पत्र लिहिणारा स्वतःच सरकारी नोकर आहे. गेल्या महिन्यात कायम झाला. त्याची चौकशी पूर्ण होऊन नाव स्वच्छ आहे. त्यानंच येऊन अर्थ सांगावा, ते मी ग्राह्य धरेन."

मला हायसं वाटलं. वेडी मी! मला वाटलं, नोकरी आता पक्की झाली, भीती गेली असेल. समोर भावजी उभे, समोर मी, हातात त्याचं स्वतःचं अक्षर. इतकं खोटं कोण बोलू शकेल?

गुरू आला. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. माझ्याकडे बघितलं नाही. पत्र घेतलं, आणि अधिकाऱ्यांशी इंग्रजीत बोलू लागला. मला इंग्रजी येत नाही. मधेच 'मदर' तेवढं कळलं. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग अधिकारी ह्यांना तमिळमध्ये म्हणाले, "पत्र त्यांच्या आईच्या वार्षिक श्राद्धाबद्दल आहे. तिथी कोणती, वाद्यार म्हणून कोणते भटजी सांगायचे, एवढंच. तुमची हरकत आहे?" श्राद्धात राजीनामा कुठून आला, हे त्यांनी गुरूला विचारलं नाही.

हे म्हणाले, "माझा शब्द इथे चालत नाही."

आणि माझं डोकं फिरलं. तमिळ, कचेरी, अधिकारी, काही सुचलं नाही. भावाला झोडायचं तर आईच्याच भाषेत तोंड उघडतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "अरे मेल्या, त्या कार्डांतला गुरू माझा भाऊ होता! त्यानं चोराला घरात घेतलं नाही, उपाशी माणसाला घेतलं. त्याच्यासाठी मी ह्यांच्याकडून खोटं लिहवून घेतलं, ते पाप माझं. तू कोण आहेस? मत गेलं तर जाऊ दे, भीती वाटली तर वाटू दे, सगळ्यांनाच वाटते. पण तुझं मत तू ह्यांच्या अंगावर टाकलंस, आणि वर आईचं श्राद्ध मधे आणलंस? आजपासून तुझी अक्का मेली. घाल आता माझंही श्राद्ध, तिथी लिहून घे आजची!"

गुरू छत्रीच्या मुठीकडे बघत होता. खोलीत आम्ही तिघंच ती भाषा जाणणारे. अधिकाऱ्यांनी त्याला काहीतरी विचारलं, त्यानं इंग्रजीत एक वाक्य सांगितलं. अधिकाऱ्यांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी शिपायाला हाक मारून मला पाणी आणवलं, खुर्ची दिली, आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी त्यांच्यापर्यंत पोचलं. मी ते पाणी प्याले.

बाहेर आल्यावर मी ह्यांना विचारलं, "तो शेवटी काय म्हणाला?" हे चालत राहिले. मोठ्या देवळापाशी येईपर्यंत विचारत राहिले तेव्हा म्हणाले, "राहू दे गं."

"मज कळायला हवं. शब्द न् शब्द सांगा."

हे रस्त्यातच थांबले. कचेरीत कागद वाचायचे तशा आवाजात म्हणाले, "तो म्हणाला, साहेब, ही माझी बहीण. नवऱ्यासाठी दयेची भीक मागते आहे."

दीड महिन्यानं निकाल आला. नोकरी गेली, पेन्शन गेली. तीन पानांचा कागद, इंग्रजीत. ह्यांनी तो मला भाषांतर करून सांगितला, एक ओळ गाळली नाही. शेवटच्या परिच्छेदात माझाही उल्लेख आहे. कर्मचाऱ्याच्या पत्नीने चौकशीच्या वेळी दयेची विनंती केली. ती सहानुभूतीने विचारात घेण्यात आली, परंतु मान्य करता येत नाही.